नवी जुनी गाडी

गेल्या दसऱ्याला आमच्या मारुती ८०० ला पंचवीस वर्षे पुरी झाली. २००० सालच्या दसऱ्याला तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. २०२५ च्या दसऱ्याला झेंडूचा हार अडकवताना उजव्या चाकावरच्या पत्र्याला अंगठा लागला आणि तो सरळ आत गेला. पत्रा उरलाच नव्हता, होता तो नुसता रंग. मागच्या सीटपुढचा तळही असाच झाला होता. तिथे मी वर्षभर प्लायवूडचा तुकडा आणि वर तरट टाकून ठेवले होते आणि आईला "पाय जरा जपून ठेव" असे सांगत होतो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला मोटारीत बसताना पाय जपून ठेवायला सांगणे म्हणजे काय, याचा विचार मी केला नव्हता. तो त्या दिवशी केला.

यात गाडीचा दोष मुळीच नाही. तिचे ७९६ सी.सी.चे इंजिन अजूनही एका किल्लीत सुरू होत होते. एखाद्या म्हाताऱ्याचे हृदय ठणठणीत असावे आणि गुडघे गेलेले असावेत, तशी तिची अवस्था. पण नोंदणीची मुदत संपत आली होती. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिला पासिंगला न्यावे लागते. २०२० साली मी नूतनीकरणाचे ६०० रुपये भरले होते. २०२२ च्या एप्रिलपासून ते शुल्क ५ हजार झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १० हजार झाले. त्यावर पर्यावरण कर, तळाचे वेल्डिंग, रंग, दोन टायर. मिस्त्रीने पाठीमागच्या कॅलेंडरवर बेरीज केली, ती खोडली, पुन्हा केली आणि म्हणाला, "सर, एवढ्यात थोडे घाला, दुसरी गाडी येईल."

तर प्रश्न दुसऱ्या गाडीचा. आणि इथूनच मला या लेखात जे म्हणायचे आहे त्याला सुरुवात होते. मोटार निवडताना आपण मोटार निवडतच नाही; रस्त्यावरच्या लोकांच्या डोळ्यांत आपण कसे दिसावे, ते निवडतो. हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. तो दोष माझ्यातच होता आणि त्याचा पुरावा पुढे येईल.

घरात गाडीची बातमी फुटताच सल्ल्यांचा पाऊस पडला. पुण्याला नोकरी करणारे आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवीनच घ्या. सुरुवातीचे पैसे मी भरतो, बाकीचे हप्ते." मी हिशेब केला. सात वर्षांचे हप्ते. माझी निवृत्ती तीन वर्षांवर. म्हणजे निवृत्तीनंतरची चार वर्षे मी पेन्शनीतून मोटारीचे भाडे भरणार, आणि ती मोटार आठवड्यातले पाच दिवस दारात उभी राहून ऊन खाणार. इतिहास विभागातल्या माझ्या एका मित्राचा सल्ला अगदी उलट. त्याला प्रीमियर पद्मिनीचा ध्यास. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सी.सी.ची ती गाडी. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, त्या दिवशी हा गृहस्थ जेवला नव्हता म्हणतात. तो मला म्हणाला, "घे, रविवारी आपण दोघे दुरुस्त करू." मी पद्मिनीत बसूनही पाहिले. मन भरून आले. पण रविवारी दुरुस्त करायची गाडी सोमवारी आईला मिरजेला नेईलच असे नाही. जुन्या गाडीवर प्रेम करणे निराळे आणि तिच्यावर विसंबणे निराळे.

म्हणून मी कागद घेऊन बसलो आणि आठवडाभरात गाडीकडून नेमके काय हवे ते लिहून काढले. कॉलेजला मी सायकलने जातो. आईला पंधरा दिवसांतून एकदा सांगलीहून मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यायचे. महिन्यातून एकदा तासगावकडे गावी जायचे. शनिवारचा बाजार. पावसाळ्यात सौ.ला शाळेत सोडायचे. सगळे मिळून महिन्याला पाचशे किलोमीटरसुद्धा होत नाहीत. आमच्या गल्लीत समोरून रिक्षा आली की दोघांपैकी एकाला मागे जावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईचे गुडघे. जुन्या मारुतीत तिला आधी खाली उतरावे लागे, मग आत सरकावे लागे. बाहेर येताना मी दोन्ही हात धरून ओढून काढायचा. तिला ते आवडत नसे. "मला काय पोते समजतोस काय रे?" असे ती एकदा म्हणाली होती.

हा कागद वाचून दाखवल्यावर मिस्त्री हसला. म्हणाला, "सर, हे सगळे बसेल अशी एकच गाडी आहे. पण तुम्ही घेणार नाही."

ती गाडी म्हणजे टाटांची नॅनो.

मी खरोखरच गप्प झालो. कारण मिस्त्री म्हणाला ते खरे होते. मी घेतली नसती. आणि याचे कारण सांगायचे तर २००९ सालाकडे जावे लागेल.

नॅनो प्रथम लोकांपुढे आली ती जानेवारी २००८ मध्ये, दिल्लीच्या प्रदर्शनात. विक्रीला आली मार्च २००९ मध्ये. भर पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले जाताना पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटांनी अनेकदा सांगितले होते. किंमत एक लाख ठरवली आणि कारखान्याच्या दाराशी ती पाळली. पहिल्याच फेरीत दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली, इतकी की पहिल्या एक लाख गाड्या कोणाला द्यायच्या यासाठी सोडत काढावी लागली. त्या नोंदणी करणाऱ्यांत आमच्या कॉलेजच्या कार्यालयातले एक लेखनिक होते. स्कूटर, पत्नी, दोन मुले. टाटांनी पाहिलेले कुटुंब जणू हेच. त्यांनी मोठ्या आनंदाने स्टाफरूममध्ये येऊन पावती दाखवली. आणि आम्ही प्राध्यापक मंडळी हसलो. "स्कूटरला छप्पर बसवले म्हणायचे!" हे वाक्य माझे. ते स्टाफरूममध्ये फार गाजले. नंतर कोणी शिटी वाजवून दाखवली, कोणी विचारले की पाठीमागून ढकलायला माणूस फुकट मिळतो का. पंधरा दिवसांनी त्यांनी नोंदणी रद्द केली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "घरच्यांना पसंत नाही." पुढची सहा-सात वर्षे ते त्याच स्कूटरवरून, त्याच चौघांसह, पावसात भिजत येता-जाता मला दिसत. सुदैवाने कधी काही झाले नाही. पण हे 'सुदैवाने' म्हणताना मला दर वेळी अवघडल्यासारखे होते.

नॅनो का चालली नाही याची कारणे पुष्कळ सांगतात आणि ती खोटी नाहीत. सिंगूरच्या जमिनीच्या आंदोलनामुळे २००८ मध्ये कारखाना बंगालमधून हलवावा लागला, तो साणंदला उभा राहून उत्पादन सुरू व्हायला २०१० उजाडले. त्या साली काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या आणि लोक धास्तावले. किमतीही चढत गेल्या. वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकणाऱ्या कारखान्याची सर्वांत चांगल्या वर्षातली, म्हणजे २०११-१२ मधली विक्री सुमारे ७४ हजार. २०१८ मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झाले. परंतु 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का तिला भोवला आणि तो मारण्यात आपलाही हात होता, हे टाटांनी स्वतः पुढे मान्य केले. मला वाटते, हेच मुख्य कारण. आपल्याकडे 'स्वस्त' हे विशेषण वस्तूला चिकटत नाही, घेणाऱ्याला चिकटते. स्वस्त भाजी घेणारी बाई हुशार ठरते, स्वस्त मोटार घेणारा माणूस मात्र गरीब ठरतो. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला कोणी हसत नाही. छोटी आहे त्याला हसतात.

फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात '२ सीव्ही' नावाची गाडी मांडली तेव्हा तिलाही लोक हसले होते. ३७५ सी.सी.चे दोन सिलिंडरचे इंजिन, पत्र्याच्या डब्यासारखे अंग, कापडी छप्पर. शेतकऱ्याला बटाट्याचे पोते घेऊन, आणि अंडी न फुटता नांगरटीतून जाता यावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तीच गाडी पुढे शेतकरी, पाद्री, शिक्षक, विद्यार्थी, नट सर्वांनी चालवली आणि १९९० पर्यंत चार दशकांत ती अडतीस लाखांवर खपली. हसण्याचे पुढे कौतुक झाले, कारण ती चालवणाऱ्यांत डॉक्टरही होता आणि गवळीही होता. नॅनोच्या वाट्याला हे आले नाही. ज्यांना अधिक महाग गाडी परवडत होती त्यांनी ती घेतली नाही, आणि म्हणून ज्यांना तीच परवडत होती त्यांनाही ती घ्यायची लाज वाटली. आमच्या जवळच्याच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाच्या कल्पक गृहस्थांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या हाताने घडवली होती. एक नव्हे, अनेक नमुने केले. ती कधी बाजारात आली नाही. आली असती तर आम्ही तिलाही हसलो असतो की काय, कोण जाणे.

असो. मिस्त्रीने २०१३ सालची एक नॅनो दाखवली. मालक एक निवृत्त तलाठी, गाडी बारा वर्षांत अवघी एकतीस हजार किलोमीटर चाललेली. मी आईला बरोबर घेऊन गेलो. तिने दार उघडले, पाठ सीटकडे केली, बसली आणि पाय आत घेतले. झाले. खाली उतरणे नाही, सरकणे नाही. याला कारण आहे. ही गाडी आमच्या मारुतीपेक्षा लांबीला वीतभराहून अधिक तोकडी, पण उंचीला तितकीच जास्त. आणि तिची सीट खुर्चीच्या उंचीवर येते. आई आतूनच म्हणाली, "अरे, ही चांगली आहे की. हिला का हसतात?" मी काही बोललो नाही.

गाडी विक्षिप्त आहे, हे मान्य केले पाहिजे. ६२४ सी.सी.चे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या बाजूला. ते पाहायचे तर मागची सीट पाडून आतले झाकण उघडावे लागते, कारण डिकी बाहेरून उघडतच नाही. वायपर एकच. प्रत्येक चाकाला नट तीन. मिस्त्रीच्या पोराला चौथा शोधताना मी पाहिले आहे. पुढची चाके मागच्यांपेक्षा अरुंद, म्हणून टायर घेताना दुकानदाराला दोनदा सांगावे लागते. बॉनेट उघडले की इंजिनाच्या जागी स्टेपनी आणि शेजारी पेट्रोलच्या टाकीचे तोंड. पंपावरचा मुलगा नळी घेऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि मग माझ्याकडे पाहतो. टाकी जेमतेम पंधरा लिटरची. पण यातले बरेचसे विक्षिप्तपण विचार करून केलेले आहे. वजन मागे गेल्यामुळे पुढची चाके हलकी राहतात, म्हणून पॉवर स्टिअरिंग नसूनही आमच्या गल्लीच्या वळणावर एका हाताने गाडी वळते. सहाशे किलोच्या आसपास वजन, त्यामुळे अॅव्हरेज वीसच्या वर. पेट्रोल शंभरीपार असताना हा आकडा मी आवडीने सांगतो. मात्र गेल्या वर्षापासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे, आणि ते या गाडीच्या जन्माच्या वेळी कोणाच्या मनातही नव्हते. मिस्त्रीने इंधनाचे रबरी पाइप आधीच बदलून घेतले. माझ्या मावसभावाचा ऊस कारखान्याला जातो; त्याच्या उसाची दारू माझ्या गाडीत येते आणि माझे पाइप खाते, असा आमचा घरगुती व्यवहार झाला आहे.

पण चिरंजीवांचा आक्षेप अॅव्हरेजचा नव्हता. त्याने फोनवर एवढेच विचारले, "बाबा, तुम्ही त्या गाडीची टक्कर पाहिली आहे का?" मी पाहिली नव्हती. मग पाहिली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ च्या जानेवारीत आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्यांच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले होते. ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे. त्यात नॅनो होती. गाडीत हवेची पिशवी एकही नाही. तो म्हणाला, "पैसे वाचवा, पण आजीला तिच्यात बसवू नका."

या मुद्द्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. तळ सडलेल्या पंचवीस वर्षांच्या गाडीपेक्षा ही बरी, हे खरे. स्कूटरपेक्षा बरी, हेही खरे. आणि जो माणूस चौघांना स्कूटरवर नेतो त्याला ताऱ्यांचा हिशेब ऐकवण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला, असेही मला वाटते. पण मी काही स्कूटर आणि नॅनो यांत निवड करणारा माणूस नव्हतो. मला हप्त्यांवर का होईना, सुरक्षित गाडी मिळत होती आणि मी ती नाकारली. काटकसरीचे कौतुक करताना या गोष्टीची किंमतही त्याच पानावर लिहिली पाहिजे. मी स्वतःला नियम घालून घेतला आहे: पुणे-बंगळूर महामार्गावर ही गाडी न्यायची नाही, पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, रात्री गावाला जायचे नाही, पुण्याला जायचे ते एस.टी.ने. आई मागे बसते, पट्टा लावून. तरीही तासगाव रस्त्यावर समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर मी किती वेगाने चाललो आहे ते विचारणार नाही, हे मला ठाऊक आहे. जे विद्यार्थी हे वाचून उद्या माझा दाखला देतील त्यांनी हेही वाक्य बरोबर घ्यावे. घरात तान्हे मूल असते, रोज चाळीस किलोमीटर महामार्गाने जायचे असते, तर मी चिरंजीवांचे ऐकले असते आणि ऐकायलाच हवे होते.

गाडी ८५ हजारांना ठरली. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. जुनी मारुती रीतसर भंगार केंद्रात गेली. तिला ओढून नेताना सौ.ने दहीभात ओवाळून टाकला, जसा माणसावरून टाकतात. आई दारात आली नाही.

पहिल्यांदा नॅनो घेऊन कॉलेजात गेलो तो दिवस पावसाचा होता. पार्किंगमध्ये शिरलो आणि माझ्या ध्यानात आले की तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक मोटारसायकली माझ्या मोटारीहून महाग आहेत. तृतीय वर्षातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, हे मला आरशात दिसले. मला ते वाक्य ऐकू आले नाही, पण अंदाज आहे. सतरा वर्षांपूर्वी ते मीच तयार केले होते.

ते लेखनिक आता निवृत्त झाले आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या कुठल्याशा कागदासाठी ते कार्यालयात आले होते, ते बाहेर येऊन गाडीभोवती फिरले. मी म्हणालो, "चला, घरी सोडतो." ते पुढे बसले. दार लावून घेतले, काच खाली-वर करून पाहिली, छपराला हात लावला. विश्रामबागेपर्यंत दोघेही काही बोललो नाही. उतरताना म्हणाले, "जागा पुष्कळ आहे की हो सर. चौघे आरामात बसले असते." मी त्यांची क्षमा मागायला हवी होती. "हो," एवढेच म्हणालो. ते छत्री उघडून गेले. पुढच्या वेळी भेटले की मागणार आहे.

चिरंजीव अजून गाडीत बसलेले नाहीत. मे महिन्यात येणार आहेत. आजीचा हुकूम आहे की तिला मिरजेला त्यानेच न्यायचे. मी टाकी मुद्दाम रिकामी ठेवणार आहे. पेट्रोल कुठून भरायचे ते त्याला सांगणार नाही.